काका म्हणजे कोण

गणपती गेले की मुलुंडच्या बाजारात एक विचित्र शांतता येते. कापडाच्या दुकानांत गिऱ्हाईक नसतं, सोनार पेपर वाचत बसतात, आणि भाजीवाल्यांकडे मात्र गवार, कारली, लाल भोपळा, अळूची पानं यांचे ढीग लागतात. ऊन परत आलेलं असतं, पण भिंतींतली ओल गेलेली नसते. दुपारी जिना चढताना कुणाच्या तरी दारातून तांदळाच्या खिरीचा आणि वड्यांच्या तळणाचा वास येतो. कधी कधी त्या वासात मी माझा मजला विसरून एक मजला जास्त चढून जातो.

पितृपंधरवडा आला की मला एक शब्द आठवतो. दोनच अक्षरं, तीही एकसारखी. काका.

माझे वडील कणकवलीच्या एस.टी. स्टँडवर हमाल होते. सही करताना ते जीभ दातांत धरत. आमच्या घरातलं कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. कॉलेज ही इमारत असते की माणसं, असं आईनं मला एकदा खरोखर विचारलं होतं. मी मॅट्रिक झालो तेव्हा वडिलांच्या गावचे दत्ताराम मुंबईहून सुट्टीवर आले होते. आमचं त्यांचं नातं नाही, भावकी नाही, फक्त वाडी एक. माझी मार्कशीट त्यांनी उलटी-सुलटी करून पाहिली, वडिलांना परत दिली आणि म्हणाले, पोराला माझ्याकडे पाठव. एवढ्यावर माझं आयुष्य ठरलं. आज मी पेन्शन घेतो, माझी मुलं इंजिनियर आहेत. त्या सगळ्याच्या मुळाशी ते एक वाक्य आहे.

ऐंशीच्या दशकाची ती पहिली वर्षं. दत्ताराम आधी गिरणीत होते, नंतर भांडुपच्या एका रंगाच्या कारखान्यात वॉचमन झाले. राहायचे मुलुंडला चाळीत, एका खोलीत. पहिल्या दिवशी त्यांना काय म्हणावं हे मला कळेना. मी ‘अहो’ करून काहीतरी पुटपुटत होतो. चहा गाळता गाळता त्यांची बायको म्हणाली, “काका म्हण रे. आमचो झीलय तेंका काकाच म्हणता.”

झील म्हणजे मुलगा. आणि तिनं सांगितलं ते खरं होतं. त्यांचा एकुलता मुलगा सुभाष लहानपणी गावच्या एकत्र घरात वाढला. मोठी चुलत भावंडं ज्यांना काका म्हणत, त्यांना तोही काका म्हणू लागला, आणि ते आपले वडील आहेत हे कळल्यावरही तोंडातला शब्द बदलला नाही. कोकणातल्या कितीतरी घरांत असं असतं. माझ्यासाठी काका म्हणजे ज्याचं माझं रक्ताचं काही नाही असा माणूस, आणि सुभाषसाठी काका म्हणजे बाप. हाक मात्र एकच.

मी आलो त्याच्या आदल्या वर्षी सुभाष गल्फला गेला होता. आय.टी.आय. करून वेल्डर झालेला. तो गेल्यामुळे खोलीत एका अंथरुणाची जागा रिकामी झाली होती, आणि ती मला मिळाली. पुढे मला अभ्यासाला दिवा लागतो आणि दिव्यात इतरांना झोप येत नाही हे पाहून काकांनी कारखान्यात कायमची रात्रपाळी मागून घेतली. का मागितली हे त्यांनी कधी सांगितलं नाही. काकीकडून मला ते कळलं, तेही त्यांच्या माघारी.

आमच्या चाळीत भाषा भिंतीला भिंत लावून राहत. शेजारच्या खोलीत एक पंजाबी म्हातारी होती. फाळणीत तिकडून आलेली, सगळे तिला बीजी म्हणत. गावाहून मुंबईला आणल्यावर सुभाष शाळेतून आला की काकी कामावर असल्यामुळे बीजीच्याच खोलीत जेवायचा. तिच्या तोंडी काका म्हणजे लहान मुलगा. घरातलं लाडकं पोर. मला वाटे, केवढा उलटा प्रकार. आम्ही ज्या शब्दानं पिकल्या केसांना मान देतो, त्याच शब्दानं ही पाळण्यातल्याला हाक मारते. सुभाषला मिसरूड फुटून, तो परदेशी जाऊनही तिचा काकाच राहिला. रोज सकाळी नळावर ती काकीला विचारायची, “काके दी कोई खबर?” काकी मान हलवायची. बीजी म्हणायची, येईल, आपला काका येईल, आणि बादली उचलायची.

समोरच्या बाजूला एक तमिळ कुटुंब होतं. त्यांच्यातली आजी, तिला पाटी म्हणत, घरात कुणीही घास घ्यायच्या आधी मूठभर भात, त्यावर डाळ आणि तुपाचा थेंब घेऊन गॅलरीच्या कठड्याशी यायची आणि हाक मारायची, काक्का, वा, वा, म्हणजे ये, ये. तिच्याकडे काक्का म्हणजे कावळा. आणि कावळे यायचे. पत्र्यावरून, तारेवरून, आंब्याच्या झाडावरून, जणू त्यांचं नाव कुणी पटावर घेतलंय. पाटी सांगायची, कावळा म्हणजे आपलेच वाडवडील, त्यांच्या आधी जेवायचं नाही. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला सगळी गिऱ्हाइकं काकाच म्हणत. तो मलबारचा. त्याच्या लोकांत काका म्हणजे थोरला भाऊ. किराणा दुकानवाले जयंतीभाई गुजराती, त्यांचा काका आणि आमचा काका एकच, बापाचा भाऊ.

मी तेव्हा नवा नवा कॉलेजात जाणारा, मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटे. शाळेत संस्कृतच्या तासाला काक शिकलो होतो, तो इथे एका म्हातारीच्या हाकेत जिवंत उडताना दिसत होता. एवढासा शब्द, त्यात बाप, चुलता, भाऊ, पोर आणि पाखरू सगळे कसे मावतात? मी काकांना एकदा हे सगळं हौसेनं सांगितलं. ते डबा भरत होते. म्हणाले, म्हणजे बीजी माझ्या पोराक माझ्याच नावान हाक मारता. आणि कितीतरी वेळ डब्याचं झाकण हातात धरून नुसते हसत राहिले. त्या वर्षातलं त्यांचं ते एवढंच हसणं मला आठवतं.

कारण तोवर सुभाषची खबर थांबली होती.

सुरुवातीला कॅसेटी यायच्या. गल्फला गेलेली माणसं तेव्हा पत्रापेक्षा कॅसेट भरून पाठवत. कुणी ओळखीचा सुट्टीवर आला की त्याच्या सामानातून कॅसेट, साबणाच्या वड्या, एकदा रेडिओ आणि टेप एकत्र असलेला एक टू-इन-वन. शेवटच्या कॅसेटवर सुभाष पहिलाच शब्द म्हणतो, “काका.” मग थोडा थांबतो. मग, मी हय बरो आसंय, काळजी करू नको म्हणान सांगा आयेक. पुढे काम, ऊन, खुबूस नावाची रोटी, कोण कोण आपल्याकडचे भेटले ते. एक बाजू कशीबशी भरलेली, दुसरी बाजू कोरी. त्यानंतर काही नाही. ज्याच्यामार्फत गेला त्या एजंटाची खोली बंद झाली होती, तिथे आता शिंपी बसत होता. आधी दिलेल्या पत्त्यावर पाठवलेली पत्रं परतही येत नव्हती. तिकडे कुठे लढाई सुरू आहे, कुठे कंपन्या बंद पडल्या, असं पेपरात यायचं. ते मी काकांना वाचून दाखवायचो, आणि ते म्हणायचे, सुभाष त्या बाजूक नाय आसा. तो कोणत्या बाजूला आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी काका बसनं अंधेरीला जायचे आणि सहारच्या विमानतळाबाहेर लोखंडी कठड्यापाशी उभे राहायचे. मी काही वेळा बरोबर गेलो. गल्फची विमानं उतरली की ढकलगाड्यांवर जाड ब्लँकेटं, दोरीनं बांधलेली खोकी घेऊन माणसं बाहेर येत. बायकामुलं त्यांच्या गळ्यात पडत. त्या गर्दीच्या कडेनं काका एकेकाला गाठायचे. वेल्डर आहे, सुभाष नाव, मुलुंडचा, ओळखता का? माणसं चांगली होती. कुणी थांबायचं, आठवून पाहायचं, आणि सांगायचं की बाबा, तो मुलूख केवढा मोठा आहे. एकदा एकानं, बहुधा दया येऊन, हो म्हटलं. असा एक सुभाष होता, उंच, गोरा. सुभाष ठेंगणा, काळासावळा. काकांनी त्याचे आभार मानले आणि परतीच्या बसमध्ये मला म्हणाले, उन्हान माणूस बदालता. पण उन्हान कोणी गोरा होता काय?

घरी आल्यावर ते कॅसेट लावत. ती ऐकून झाली की उलटी करून कोरी बाजू लावत. टेप फिरत राही, नुसती खरखर. काकी भाकऱ्या थापायची, मी पुस्तक समोर धरून बसायचो, आणि ते कान देऊन ती पूर्ण बाजू शेवटपर्यंत ऐकत. शेवटी कुठे तरी काही बोलला असेल, आपण घाईनं बंद केली तर राहून जाईल, असं त्यांचं म्हणणं. ते खटकन बटण वर उडण्याची वाट मी पाहायचो. आजही कुठे टेप संपल्याचा आवाज झाला तर मला वाटतं, आता जेवायला बसायचं.

माझ्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षी, गणपतीच्या आधी, काकांना कावीळ झाली. गावठी औषध झालं, मग हॉस्पिटल झालं. विसर्जनानंतर काही दिवसांनी ते गेले. मुलगा नव्हता, म्हणून अग्नी मी दिला. भटजींनी विचारलं, मयताचे आपण कोण? मी काकीकडे पाहिलं. काकी म्हणाली, पुतण्या. एका शब्दानं मला त्या घरात जागा दिली होती, त्याच्या जोडीच्या शब्दानं आता अधिकारही दिला.

त्यांचा दहावा पितृपंधरवड्यात आला. खाडीच्या बाजूला एक छोटा घाट होता, पलीकडे मिठागरं, त्या वेळी नुसती पाण्यानं भरलेली. ऊन सणसणीत. आम्ही मोजकीच माणसं होतो. गावाहून आलेला काकीचा भाऊ, त्याला आम्ही मामा म्हणायचो, जयंतीभाई, कारखान्यातले दोघे-तिघे. काकी घाटापासून जरा दूर, पडक्या भिंतीच्या सावलीत बसली होती. तिच्याबरोबर बीजी. बायकांनी येऊ नये असं कुणी तरी म्हणालं होतं. बीजीनं ते ऐकलं न ऐकलं केलं होतं.

पिंड मांडले आणि आम्ही मागे सरून उभे राहिलो. ज्यांना हा विधी माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: कावळा येऊन पिंडाला शिवला की गेलेल्याची काही इच्छा उरलेली नाही, तो सुटला, असं आपल्यात मानतात. नाही शिवला तर त्याचा जीव कशात तरी अडकलाय. मग जमलेल्यांनी ओळखायचं कशात, आणि मोठ्यानं वचन द्यायचं.

कावळे होते. तिवरांवर बसलेले, भिंतीवर बसलेले. पण एकही उतरेना. भटजी घाम पुसत म्हणाले की या पंधरवड्यात हे असंच, घरोघरी पानं वाढलेली, खीर-वडे खाऊन यांची पोटं तट्ट फुगलेली, साध्या भाताकडे कोण बघतो. जयंतीभाई पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, दत्तारामकाका, भाभीची फिकीर करू नका, आमी आहोत. कावळा मान वाकडी करून बघत राहिला. कारखान्यातल्या एकानं सांगितलं, तुमच्या फंडाचं काम आम्ही पुरं करू. मामांनी गावच्या घराचं छप्पर शाकारण्याचं वचन दिलं. मी पुढे गेलो. मी म्हणालो, काका, मी बी.ए. होईन, काकीला सोडून जाणार नाही. दोन्ही गोष्टी मी पुढे पाळल्या. पण त्या दुपारी कावळ्याला त्यांचं काही नव्हतं.

ऊन चढत गेलं. सगळे एकमेकांची तोंडं पाहू लागले. खरी इच्छा काय आहे हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि म्हणूनच कुणी बोलत नव्हतं. अखेर मामा घसा खाकरून पिंडाकडे वळले. भावोजी, सुभाषला आम्ही, एवढंच ते म्हणाले असतील.

भिंतीकडून काकीचा आवाज आला. चढा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

“तेचा नाव हय कोणी घेवचा नाय.”

मामा थांबले. ती उठून उभी राहिली होती. पदर सरळ करून ती भटजींना म्हणाली, दर्भाचा करा. कावळा आलाच नाही तर शेवटी दर्भाच्या गवताचा कावळा करून पिंडाला लावतात. भटजींनी दोन काड्या वळल्या, गाठ मारली, चोच म्हणून एक टोक दुमडलं आणि ते गवताचं पाखरू माझ्या हातात दिलं. मी ते पिंडाला टेकवलं. विधी झाला.

परतताना आम्ही रिक्षात होतो, काकी, बीजी आणि मी. मला वाटलं होतं काकी रडेल. काकांचा जीव अडकून राहिला, त्यांना गवताच्या कावळ्यावर वाटेला लावावं लागलं, याहून वाईट काय? ती बाहेर बघत होती. मग माझ्याकडे न वळता म्हणाली,

“कावळो शिवाक नाय, ता बरा झाला. शिवलो असतो तर माका कळला असता, तेंका झील थय गावलो. अजून वाट बघतत. म्हणजे झील हयच खय तरी आसा.”

बीजीला शब्द कळले नसावेत, पण तिनं काकीचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. मला मात्र शब्द कळले. कावळा शिवला असता तर काकांची इच्छा पुरी झाली, म्हणजे मुलगा त्यांना तिथे, मेलेल्यांत, भेटला. म्हणून तिला कावळा नको होता. आम्ही सगळे तो यावा म्हणून हात जोडून उन्हात उभे होतो, आणि ती एकटी भिंतीच्या सावलीत तो येऊ नये म्हणून बसली होती. मुलाच्या नावानं उतरला तर, या भीतीनं तिनं नावच अडवलं. नवऱ्याचा जीव टांगलेला राहिला तरी चालेल, तेवढ्यावर मुलाचा जीव जमिनीवर राहतो. असा हिशेब आईशिवाय कुणी मांडणार नाही, आणि त्यात तिच्या पदरात काहीच पडत नव्हतं.

पुढे ती बरीच वर्षं जगली. दर वर्षी सर्वपित्री अमावस्येला काकांचं पान वाढायची, वडे, खीर, भाजी, सगळं रीतसर. पण पान बाहेर ठेवायला मला दुपार कलल्यावर सांगायची. तोवर पाटीचा भात, इतरांची पानं खाऊन कावळे झाडांत जाऊन बसलेले असत. पान तसंच राही. संध्याकाळी ती ते गाईला घालायची, आणि त्या दिवशी तिचा चेहरा बाकीच्या वर्षापेक्षा मोकळा असायचा. नळावर बीजीचा प्रश्न चालूच होता. मग बीजी मुलीकडे दिल्लीला गेली, आणि सुभाषला काका म्हणणारं कुणी उरलं नाही. पाटी गेली. तिच्या सुनेला नोकरी होती, कठड्यावर भात पडेना. चहावाला गावी परतला. एकेक भाषा चाळीतून निघून जात होती आणि त्या शब्दातलं एकेक माणूस पुसलं जात होतं.

काकी माझ्याच घरी वारली. माझ्या बायकोनं तिचं सगळं केलं. शेवटच्या आजारात तिनं मला जवळ बोलावून एवढंच सांगितलं, की माझं पान वाढ, त्यांचं वाढ, झिलाचं वाढू नको. आणि वाढशील ते उशिरा वाढ.

चाळ पडून तिथे उंच इमारत झाली. त्या जागेवरून जाताना कठडा कुठे होता हेही मला आता सांगता येत नाही. आमच्या सोसायटीत कबुतरांसाठी सगळ्या खिडक्यांना जाळ्या बसवल्या आहेत, त्यामुळे पान ठेवायला गच्चीवर जावं लागतं. कावळेही पूर्वीइतके राहिले नाहीत. टू-इन-वन कधीच बिघडला. कॅसेट माझ्या कपाटात आहे, ती वाजवायला घरात काही नाही. सुभाष असलाच तर आता सत्तरीच्या आसपासचा म्हातारा असेल. तो नाही, हे मला माहीत आहे. कसं माहीत आहे ते सांगता येणार नाही. इतकी वर्षं कुणी कोऱ्या बाजूसारखं गप्प राहत नाही.

परवा सर्वपित्री झाली. दुपार कलल्यावर मी दोन पानं घेऊन गच्चीवर गेलो. ऊन पिवळं झालं होतं, टाकीच्या सावलीत दोरीवर कुणाची तरी चादर वाळत होती. मी पानं कट्ट्यावर ठेवली, त्यांच्याभोवती पाणी फिरवलं आणि मागे सरलो. काकीच्या रीतीप्रमाणे हाक मारली नाही.

कावळा टाकीवर बसलेलाच होता. त्यानं वाटही पाहायला लावली नाही. खाली उतरला, काकांच्या पानावरचा वडा उचलला, मान हलवून गिळला. मग शेजारच्या पानावर गेला आणि काकीच्या खिरीत चोच बुडवली.

मी हात वर केला होता, त्याला हाकलायला. तो तसाच खाली आणला.